परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो

पुण्यात नोकरीला असलेल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. आजऱ्याजवळच्या मूळ गावी आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची, बंदूक भिंतीला टांगलेली आहे. आजोबांना जाऊन चौदा महिने झाले. परवाना त्यांच्याच नावावर, मुदत अजून शिल्लक. गावी राहणारा धाकटा भाऊ म्हणतो, मुदत आहे तोवर काळजी नाही, आणि तशीही गंजलेल्या बंदुकीला परवाना लागतच नाही. शिवाय मुळशीकडच्या शेतघरासाठी यांना स्वतःला रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. 'चोर कुंपणाच्या आत आला की झाडता येते ना?' आणि मुलासाठी एअर रायफल. एकाच प्रश्नात चार प्रश्न, आणि चारांतही गैरसमज अगदी ठासून भरलेले.

आमचं दुकान कोल्हापूर जिल्ह्यात. बंदुका विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा परवाना वडिलांच्या काळापासूनचा, मी अडतीस वर्षं काउंटरमागे आहे. मी वकील नाही. पण हत्यार कायद्याची कलमं आम्हा दुकानदारांना पाठ असावीच लागतात, कारण रजिस्टरातली एक नोंद चुकली तर जाब आम्हालाच द्यावा लागतो.

आधी भिंतीवरच्या बंदुकीचं. ती खाली काढू नका, पुसू नका, घोडा मागे ओढून बघू नका. काही वर्षांपूर्वी भुदरगड बाजूच्या एका घरातली अशीच बंदूक, पोत्यात गुंडाळलेली, रीतसर पत्रासह आमच्याकडे जमा करायला आली. आणणारे काका म्हणाले, "तीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही, रिकामीच हाय." आमच्याकडे पहिली तपासणी गजाने होते. नळीत गज सोडायचा, तो तळाला टेकला की नळीच्या तोंडापाशी गजावर खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक नळीच्या बुडाशी आलं तर नळी मोकळी. त्या दिवशी टोक बुडाच्या चार बोटं अलीकडेच राहिलं. आत दारू, चिंध्यांचा बोळा, छर्रे, सगळं जागच्या जागी होतं. कधीतरी कुणीतरी डुकरांसाठी बंदूक भरून रात्री राखणीला बसला असणार, डुकरं आली नसतील, आणि पहाटे बंदूक तशीच खुंटीला गेली. काडतुसाच्या बंदुकीचं तसं नसतं, बिजागरीवर मोडून उघडली की काडतूस हातात येतं. ठासणीत भरलेला माल परत काढणं किचकट काम आहे, म्हणून लोक ठिणगी पाडणारी वरची टोपी तेवढी काढून ठेवत आणि 'रिकामी केली' म्हणत. काळी दारू कोरडी राहिली की वर्षानुवर्षं तशीच राहते. काकांच्या घरात त्याच बंदुकीखाली नातवंडांचा पाळणा टांगलेला होता, हे त्यांनीच नंतर सांगितलं, आणि मग बराच वेळ ते काउंटरला धरून उभे राहिले.

आता गंजाचं. हा समज हवेतून आलेला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या ४५ व्या कलमात जुनाट बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहेच. पण त्याच वाक्याचा शेवट लोक वाचत नाहीत. दुरुस्ती करून किंवा न करता, कशाही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, असंच हत्यार त्या सुटीत बसतं. 'दुरुस्ती करून' या दोन शब्दांत सगळं आलं. तुमच्या आजोबांच्या बंदुकीचा घोडा अडकला असेल, दस्ता वाळवीने खाल्ला असेल, नळीला गंज असेल. आमच्या मिस्त्रीकडे दोन दिवस दिली तर ती बार काढील की नाही? बहुतेक काढील. मग ती कायद्याच्या नजरेत बंदूकच. आणि हे ठरवायचं भावाने नाही, तुम्ही नाही, मीसुद्धा नाही. ते तपासणीनंतर अधिकारी ठरवतात.

राहिली परवान्याची मुदत. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि त्यात शिकलेले जास्त. गाडीची नंबरप्लेट गाडीबरोबर राहते तसा शस्त्र परवाना बंदुकीबरोबर राहतो, असं त्यांना वाटतं. परवाना बंदुकीला नसतोच, तो माणसाला असतो. त्या माणसाने, ती ठरावीक बंदूक, त्या कारणासाठी, त्या हद्दीत बाळगावी अशी ती सरकारची परवानगी. माणूस गेला की ती त्याच दिवशी संपली, कागदावर पुढची कुठलीही तारीख असू दे. मालकी मात्र संपत नाही. बंदूक वारसांचीच राहते, पण ती जवळ बाळगण्याचा अधिकार वारसांना आपोआप मिळत नाही. मालकी आणि ताबा वेगळा, हे सातबाऱ्यावरून भांडणाऱ्या आपल्या लोकांना खरं तर सांगावं लागू नये.

कलम २१ म्हणतं, कुठल्याही कारणाने हत्यार बाळगणं बेकायदा झालं की ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. जमा केलं म्हणजे सरकारजमा झालं, अशी भीती असते आणि त्यापायी लोक माळ्यावर लपवतात. तसं नाही. जमा असताना वारसांपैकी एकाने स्वतःच्या नावे परवाना मागता येतो, बाकीच्या वारसांची लेखी संमती जोडून. परवाना नको असेल तर परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला किंवा दुकानदाराला ती विकता येते. ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही, तेव्हा कुठे ती सरकारजमा होण्याची वेळ येते. उलट माळ्यावर ठेवलेली बंदूक सापडली तर विनापरवाना बाळगल्याबद्दल कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. तुमच्या बाबतीत हे संकट आधी गावच्या घरात राहणाऱ्या भावावर येईल. चौदा महिने हा उशीरच आहे, पण स्वतः होऊन पोलीस ठाण्यात जाणं आणि भाऊबंदकीतल्या कुणीतरी कळवल्यावर पोलीस दारात येणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अर्ज एखाद्या वकिलाकडून लिहून घ्या, एका पानाचा पुरतो.

त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच होती. वारशाने आलेल्याही त्या दोनांतच धरल्या जातात. आमच्या भागातल्या इनामदार-सरकार घराण्यांत तेव्हा मोठी धांदल उडाली होती, पणजोबांच्या शिकारीच्या तीन-तीन बंदुका पुढ्यात मांडून कुठली ठेवायची यावर घरात मतदान झालेलं मी पाहिलंय. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली, ती सोय झाली.

परवाना माणसाला असतो हे पटलं की बाकीच्या पुष्कळ शंका आपोआप मिटतात. 'माझ्या परवान्यावर ड्रायव्हर गाडीत बंदूक ठेवू शकतो का?' नाही. दुरुस्तीला नेणं, नूतनीकरणाला नेणं किंवा तुमच्याच वापरासाठी तुमच्यापर्यंत आणून देणं एवढ्यासाठी दुसरा माणूस ती नेऊ शकतो, तेही तुमच्या समक्ष किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर. 'परवाना आहे तर कमरेला दिसेल अशी लावली तर काय झालं?' २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर-पिस्तूल हे होल्स्टरमध्ये किंवा तसल्याच पिशवीत, आणि लांब बंदूक तिच्या कव्हरमध्ये झाकलेली हवी. काढून मिरवणं बंद. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण झेंडूच्या पाकळ्यांसकट नळी रोखलेला फोटो सोशल मीडियावर टाकून परवाना घालवलेले लोक मला माहीत आहेत. 'निवडणुकीत सगळ्यांना जमा करावीच लागते' हेही अर्धवट. जिल्ह्यात छाननी समिती असते, ती प्रत्येकाचं प्रकरण बघून ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले हे पहिले. हाताखालची यंत्रणा सरसकट सगळ्यांना नोटिसा काढून मोकळी होते ही गोष्ट वेगळी, आणि ऐन काजूच्या हंगामात माकडं बागेत असताना शेतकरी त्यावर चिडतो ते मला रास्त वाटतं.

आता तुमचं रिव्हॉल्व्हर.

'माझा हक्क आहे' या वाक्याने सुरुवात करणारे गिऱ्हाईक हल्ली वाढलेत. मुलगा अमेरिकेत असतो, तिकडचं ऐकलेलं असतं. तिकडे १७९१ पासून घटनेतच तशी दुरुस्ती आहे. आपल्याकडे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन प्रकरणात विनापरवाना हत्यारांची गंभीर दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक बोलून दाखवला होता. आपल्या इथे हत्यार बाळगणं ही कायद्याने दिलेली सवलत आहे. बेळगाव-खानापूरकडचं कुणी आलं की कर्नाटकातल्या कोडगूचं (कूर्गचं) उदाहरण देतं. तिथल्या कोडवा लोकांना आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे हे खरं, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती उचलूनही धरली. पण ती सूट त्यांच्यापुरती आहे, आपल्याला लागू नाही.

दुसऱ्या टोकाचा समज असा की परवाना फक्त पैसेवाल्यांना आणि पुढाऱ्यांना मिळतो, बँकेत अमुक लाख आणि नावावर तमुक एकर पाहिजे. कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील आहे. वय २१ पूर्ण हवं, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र हवं, पोलिसांचा अहवाल हवा. आणि कारण हवं. लोक घसरतात ते या कारणाशी. शेतीच्या राखणीसाठी ठासणीची किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाकडे कायदा जरा मऊ नजरेने बघतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला अधिकाऱ्याची खात्री पटेल असं सबळ कारण लागतं. 'शेतघर आडबाजूला आहे' याने खात्री पटेल का? मला शंका आहे. धमकीची तक्रार, पूर्वी झालेला हल्ला, रोकड ने-आण करण्याचा धंदा असं काही कागदावर असेल तर गोष्ट वेगळी. अर्ज कुठे करायचा ते तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर आयुक्तांकडे, एरवी जिल्हाधिकाऱ्यांकडे.

'नाईन एमएम पाहिजे' असंही बरेच जण सांगतात, सिनेमात तेच नाव ऐकलेलं असतं. ९ मिमी पिस्तूल, .३०३ रायफल ही प्रतिबंधित बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) हत्यारं, त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडचा विषय. सामान्य माणसाच्या वाट्याला येतात ती .३२ ची रिव्हॉल्व्हर-पिस्तुलं, .३१५ ची रायफल आणि बारा बोर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं अर्धा किलो वजनाचं .३२ रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा दोन भगिनी दुकानात आल्या होत्या, त्यांचा समज असा की खास बायकांचं आहे म्हणजे परवान्याची भानगड नसेल. होती. सगळ्यांना असते तीच.

बोअरवरून आठवलं. बारा बोर म्हणजे बारा मिलिमीटर, असं नऊजणांतले आठजण सांगतात. त्या नळीत बरोबर बसेल एवढी शिशाची गोळी घ्या, तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा बोर. नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक. आणि वर्तमानपत्रात 'गावठी कट्टा व आठ एमएमचं जिवंत काडतूस जप्त' असं वाचून ते परदेशातून आलं असं समजू नका. पंचनाम्यात '८ एमएम केएफ' लिहिलेलं असतं कारण काडतुसाच्या बुडावर तसाच ठसा असतो. आठ मिलिमीटर म्हणजे आपलं .३१५ च, आणि केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याची खडकी. १८६९ पासूनचा तो कारखाना. हत्यार सातपुड्याच्या कुठल्यातरी पाड्यातलं चोरटं, आणि काडतूस सरकारी कारखान्यातलं! ते कट्ट्यापर्यंत कसं पोचतं? कुणीतरी परवानाधारक आपल्या वाट्याची काडतुसं विकतो, हा एक रस्ता. म्हणून आम्ही काडतुसांचा हिशोब मागतो तेव्हा राग मानू नये. कट्ट्याची नळी म्हणजे कसलातरी पाइप, तो दाब सोसण्यासाठी बनलेलाच नसतो. समोरच्याला लागायच्या आधी झाडणाऱ्याची बोटं गेलेली प्रकरणं कमी नाहीत. आणि हो, बंदूक नसताना नुसतं एक जिवंत काडतूस खिशात असणं हाही गुन्हाच आहे. विमानतळावर जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस सापडून लोक अडकतात. तिथे मग 'मला ठाऊकच नव्हतं' हा बचाव कोर्टात मांडायचा, जाणीवपूर्वक ताबा होता की नाही यावर सुटायचं. सुटतात, पण विमान चुकतं आणि वर्षं जातात.

चोराकडे येतो. चोर कुंपणात आला की झाडता येते का? नुसता आला म्हणून नाही. परवाना तुम्हाला हत्यार बाळगू देतो, गोळी झाडू देत नाही. झाडण्याचा प्रश्न दुसऱ्याच कायद्याचा, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आधी भारतीय दंड विधानात ९६ ते १०६ होता. त्याचा गाभा असा. जिवावर किंवा गंभीर इजेवर बेतण्याची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क जातो. मालमत्तेसाठी तो तितका लांब जातो ती प्रकरणं मोजकी: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि चोरी किंवा घरात घुसणं अशा परिस्थितीत की जिवाची भीती वाटावी. बागेतून नारळ किंवा मोटारीची केबल घेऊन पळणारा यात बसत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

पण याचा उलटा अर्थही काढू नका. 'स्वतःला वाचवायला झाडली तरी आत जातोच' असं म्हणणारेही तितकेच आहेत. पंजाबातलं दर्शन सिंग प्रकरण बघा. शेताच्या वादात बापावर धारदार हत्याराने वार झाला, मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली, समोरचा मेला. घटना १९९१ ची. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याला निर्दोष सोडलं, आणि हल्ला होत असताना सोन्याच्या काट्यावर तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा माणसाकडून धरता येत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. फक्त घटना आणि सुटका यांच्यामधली वर्षं मोजा. हा हिशोब मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि काही जण त्यावर कुत्रा पाळायचं ठरवतात.

'आधी हवेत एक बार काढायचा, मग पायावर मारायची', ही पद्धत कायद्यात कुठे लिहिलेली नाही. हवेत गेलेली गोळी विरघळत नाही. साध्या .२२ च्या काडतुसाच्या डबीवरही गोळी मैलभर जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो, मग रायफलची किती जाईल? वरातीत किंवा विजयाच्या मिरवणुकीत हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पायावर नेम धरणं तर आमच्या क्लबातल्या चांगल्या नेमबाजालाही अंधारात, धडधडत्या छातीने जमायचं नाही. आणि बारा बोरला नेम लागत नाही, छर्रे पसरतातच, हेही सिनेमावाल्यांचं. छर्रे साधारण दर तीन फुटांना इंचभर पसरतात. तुमच्या शेतघराची खोली पंधरा फुटांची असेल तर भिंतीवरचं भोक तळहाताएवढं असेल. नेम चुकला तर चुकला. गोळी लागली की माणूस मागे उडून काचेतून बाहेर पडतो म्हणे! तेवढा धक्का असता तर झाडणाराही उलट्या दिशेला उडाला असता. सायलेन्सरने 'फुस्स' होतं हे तसलंच. आवाज कमी होतो, पण उरतो तो कानठळ्या बसवण्याइतका. यात कायद्याचा भाग असा की आवाज कमी करण्यासाठी बनवलेली ती नळी हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत 'बंदूक'च आहे. ऑनलाइन मागवून 'हे तर नुसतं अ‍ॅक्सेसरी आहे' म्हणाल तर कुणी ऐकणार नाही.

या सगळ्यांत जीव घेणारा समज मात्र वेगळाच आहे: मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं. मॅगझिन काढलं तरी वरच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, गेलेलं एक काडतूस तिथेच असतं. 'साफ करताना गोळी सुटली' अशा बातम्यांमागे बहुतेक वेळा तेच एक काडतूस असतं. आधी मॅगझिन, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, नळी तेव्हाही कुणाकडे नाही. रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसतं म्हणून ते सुरक्षित, असंही नाही. जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला राहतो, खाली पडलं आणि घोड्यावर आपटलं तर बार निघू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली. त्यांच्या हत्याराबद्दल मी दुरून बोलणार नाही, पण त्या आठवड्यात आमच्याकडे जुनी रिव्हॉल्व्हरं तपासायला रांग लागली होती. त्यांतल्या तिघांच्या सहाही घरांत काडतुसं भरलेली होती, आणि एकजण ते पँटच्या खिशातून घेऊन आला होता.

गावाकडचा आणखी एक घोळ सांगून टाकतो, कारण तुमचा भाऊ शेती करतो. शेती-राखणीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर, गवा, माकड यांचा मामला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो. डुकराने पीक उद्ध्वस्त केलं असेल तरी मारायला वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी हवी, ती मिळते, पण मागावी लागते. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, जनावराची परवानगी वन खात्याची. पहिला दाखवून दुसऱ्यातून सुटता येत नाही. मटणाच्या वाटपावरून तक्रार जाते आणि बंदूकही जाते, हे आजरा-चंदगड पट्ट्यात कुणालाही विचारा.

तलवार, कोयता यांना बंदुकीचा कायदा लागत नाही असं समजणारेही भेटतात. लागतो. कायद्यातल्या 'हत्यारां'त धारदार पातीही येतात, फक्त घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. उसाच्या फडात कोयता अवजार आहे, रात्री अकराला चौकात दुचाकीवर तो हत्यार होतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांवर हत्यार कायद्याचं कलम ४, २५ आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७(१), १३५ लागतं ते म्हणूनच. शिखांच्या कृपाणाचा मुद्दा वेगळा, तो घटनेच्या २५ व्या अनुच्छेदातच आहे.

मुलाच्या एअर रायफलला मात्र मी मनापासून हो म्हणेन. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य जिंकलं आणि दुसऱ्या दिवसापासून आईबाप पोरांना घेऊन दुकानात. .१७७ बोअरची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल विनापरवाना घेता येते, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा देऊन. त्याच्या वर गेलात, मग ताकद असो की बोअर, की परवाना लागतो. स्वप्नीलचा खेळ पन्नास मीटरचा, .२२ चा, त्याला परवान्याचीच रायफल लागते, हे आईबापांना पहिल्यांदा सांगावं लागतं. आणि विनापरवाना म्हणजे खेळणं नव्हे. वीस ज्यूलच्या आतली गोळीही डोळा फोडते. गच्चीवर कबुतरं मारायला घेत असाल तर घेऊ नका. क्लबात नाव घाला, तिथे पहिले काही दिवस फक्त उभं राहायला आणि श्वास धरायला शिकवतात, पोराचा उत्साह टिकला तर मग रायफल घ्या.

तर येत्या शनिवारी गावी जा. आजोबांचा मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि दोघा भावांची ओळखपत्रं घ्या. बंदूक घरीच राहू दे, आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि ती भरलेली असू शकते हे त्यात स्पष्ट लिहा. न्यायची कशी ते त्यांच्या माणसासमोर ठरवा. एसटीतून पोत्यात घालून नेऊ नका. जमा झाली की पावती घ्या, आणि पावतीवर लिहिलेला नंबर नळीवरच्या नंबराशी आणि परवान्यावरच्या नंबराशी जुळतो का, ते तिथेच उभं राहून वाचा. जुन्या बंदुकांवरचा ३ गंजाने ८ सारखा दिसतो, आणि पुढे वारसाचा परवाना मागताना त्या एका आकड्यापायी वर्ष-दीड वर्ष खेटे घातलेली माणसं माझ्या दुकानात येऊन बसतात.